मुंबई-पुणे : नकाशावरचं अंतर आणि घाटातलं अंतर

मुंबई आणि पुणे या दोन विमानतळांमधलं हवाई अंतर जेमतेम 125 किलोमीटर. नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती लोणावळ्याच्या उत्तरेला, राजमाचीच्या परिसरातून मावळ ओलांडते. रेल्वेनं मात्र हेच अंतर 192 किलोमीटर भरतं, कारण गाडी आधी कल्याणला जाते, तिथून कर्जतकडे वळते आणि मग बोरघाट चढते.

हा चढ थोडाथोडका नाही. सर्वांत कठीण जागी 37 मीटर पुढं गेलं की गाडी एक मीटर वर येते. म्हणूनच कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं जोडतात. 1858 साली पुणे-खंडाळा रेल्वे सुरू झाली, पण खंडाळ्याखालचा घाट प्रवासी पालखीतून, तट्टावरून, नाहीतर बैलगाडीतून पार करत. 1863 मध्ये घाटातला लोहमार्ग खुला झाला. तो बांधताना हजारो मजुरांनी प्राण गमावले, हे विसरता येणार नाही.

विमान आकाशात असतं अर्धा-पाऊण तासच. पण विमानतळ गाठणं, तपासणी, सामान हे सगळं धरलं, तर सव्वातीन तासांची डेक्कन क्वीनच मला सरस वाटते; ती तर थेट शहराच्या मध्यात उतरवते. पावसाळ्यात मात्र घाटात दरडी कोसळतात, तेव्हा निघण्यापूर्वी गाडीची चौकशी जरूर करा.