रक्त कमी, पहारा ढिला

रक्तक्षय म्हटलं की थकवा, धाप आणि पालेभाजी खाण्याचा सल्ला आठवतो. पण तांबड्या पेशींची तूट भरून काढायला शरीर जी धावपळ करतं, तिची झळ रोगप्रतिकारशक्तीला बसते, असं उंदरांवरचे प्रयोग पाहून माझं मत झालं आहे. तांबड्या आणि पांढऱ्या पेशींचं मूळ एकच. 1961 साली टोरांटोत टिल आणि मॅकलक या संशोधकांनी किरणोत्साराने मज्जा नष्ट झालेल्या उंदरांना दुसऱ्या उंदरांची मज्जा टोचली, तेव्हा दहाएक दिवसांत त्यांच्या प्लीहेवर बारीक गाठी उगवल्या. एकेक गाठ एकाच पेशीतून वाढते, हे पुढे दिसलं आणि मूळपेशींचा अभ्यास मार्गी लागला. प्राणवायू कमी पडला की मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन सोडतात, कच्च्या पेशी तांबड्या होण्याकडे वळतात आणि उंदराची प्लीहाही या कामाला जुंपली जाऊन फुगते.

तिच्यात साठणाऱ्या अर्धकच्च्या तांबड्या पेशी मुळीच गरीब नसतात. 2013 साली नवजात उंदरांत दिसलं, की या पेशी अर्जिनेज नावाच्या एन्झाइमच्या जोरावर प्रतिकार दाबतात. प्रौढ उंदरांच्या प्रतिकारक पेशी पिल्लांना टोचल्या, तरी लिस्टेरिया जंतूपुढे त्यांचं काही चाललं नाही. अर्धकच्च्या पेशी घटवल्यावर मात्र पिल्लांचा प्रतिकार वाढला. त्याचबरोबर आतड्यात नव्याने वस्ती करणाऱ्या जंतूंमुळे दाहही वाढला. म्हणजे ही दाबणूक पिल्लाच्या सोयीचीच होती.

कुणी म्हणेल, पिल्लू म्हणजे काही रक्तक्षयाचा रोगी नव्हे. खरं आहे. पण 2018 साली, कर्करोगाची गाठ वाढून रक्तक्षय झालेल्या प्रौढ उंदरांच्या प्लीहेतही टी पेशींना, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाबणाऱ्या अशाच पेशी सापडल्या. तिथे कर्करोगाचा वाटा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे, म्हणून साध्या रक्तक्षयाबद्दल मी तितक्या ठामपणे बोलणार नाही. उंदराची प्लीहा आयुष्यभर रक्त बनवते, आपली सहसा नाही, हा आक्षेपही रास्त आहे. तरी रक्तक्षय असलेल्या कर्करुग्णांतही या पेशी आढळल्या आहेत. मग रक्तक्षय हटवायला सरसकट लोहाच्या गोळ्या द्याव्यात का? लोह टी पेशींना लागतं, तसं जंतूंनाही लागतं. टांझानियातल्या पेम्बा बेटावर हिवतापाच्या वस्तीत लहान मुलांना लोह आणि फॉलिक ॲसिड दिलं, तेव्हा गंभीर आजार आणि मृत्यू वाढल्याचं 2006 साली प्रसिद्ध झालं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना अशा भागात लोहाबरोबर हिवतापाचा प्रतिबंध आणि उपचारही हवेत, असं सांगते.