घरबसल्या विश्वकोश

डॉक्टरांनी एखाद्या आजाराचं नाव सांगितलं, मुलानं ग्रहणाचं कारण विचारलं, की आपण मोबाइल उघडतो. उत्तरं ढीगभर मिळतात. पण ती लिहिली कुणी, हे बहुधा कळत नाही.

अशा वेळी मराठी विश्वकोश कामी येतो. कृष्णाकाठच्या वाईत हे काम उभं राहिलं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक. पहिला खंड १९७६ साली आला आणि पुढे कोशाचे वीस खंड झाले. जाडजूड खंड घरी ठेवणं कुणाला परवडणार? ते राहिले ग्रंथालयांच्या कपाटांत. आज मात्र हे खंड इंटरनेटवर विनामूल्य खुले आहेत. 'ज्ञानमंडळ' उपक्रमातून नव्या नोंदीही येतात.

कोशातल्या नोंदीखाली साधारणपणे लेखकाचं नाव आणि संदर्भग्रंथ दिलेले असतात. म्हणजे माहिती कुणाची, कशावर आधारलेली, हे आपल्याला तपासता येतं. वैद्यकापासून वनस्पतिशास्त्रापर्यंत तज्ज्ञांचं ज्ञान इथे आपल्या भाषेत मिळतं.

एक पथ्य पाळा. जुन्या नोंदीतले आकडे जुने असू शकतात, तेव्हा ते ताज्या माहितीशी ताडून पाहा. आणि आजारपणात विश्वकोश वाचा जरूर, पण औषध डॉक्टरांनाच विचारून घ्या.

आज रात्री मुलांना जवळ घ्या, त्यांच्या आवडीचा एक शब्द विश्वकोशात शोधा आणि ती नोंद मोठ्यानं वाचा.