पेट्रोलियमवाल्यांचा म्होरक्या



ईशान्य चीनमधल्या लिआओनिंग प्रांतात पानजिन नावाचं शहर आहे. लिआओह हे मोठं तेलक्षेत्र त्याच परिसरातलं. 1983 साली या शहराला जे महापौर मिळाले, तेच त्या तेलक्षेत्राच्या कारभाराचेही प्रमुख होते. म्हणजे जमीन देणारे तेच, खोदणारेही तेच, आणि काही वाद झालाच तर तो मिटवायलाही तेच. त्यांचं नाव झोऊ योंगकांग. पुढे जून 2015 मध्ये त्यांना जन्मठेप झाली. लाचेचे आकडे मी सांगणारच आहे. पण खरं सांगायचं तर, मला त्या आकड्यांपेक्षा पानजिनच्या या जोडखुर्चीत जास्त रस आहे.

झोऊ यांचा जन्म 1942 चा, जिआंगसू प्रांतात वुशीजवळच्या एका खेड्यातला. घरची गरिबीच. बीजिंगच्या पेट्रोलियम संस्थेतून शिकून बाहेर पडले आणि 1967 मध्ये दाचिंगला रुजू झाले. दाचिंग म्हणजे त्या काळच्या चीनचं तीर्थक्षेत्र. 1959 साली तिथे तेल लागलं, पुढच्याच वर्षी सोव्हिएत तज्ज्ञ चीन सोडून गेले, आणि कडाक्याच्या थंडीत कामगारांनी विहिरी खोदल्या. उद्योगांनी दाचिंगचा कित्ता गिरवावा, असं खुद्द माओंनी सांगितलं. त्यामुळे दाचिंगमध्ये काम केलेल्या माणसाच्या देशभक्तीबद्दल शंका घेण्याचं धाडस कुणी करत नसे. तेलवाल्यांचा पुढचा सगळा दबदबा या पुण्याईवर उभा राहिला.

1988 मध्ये चीनने पेट्रोलियम मंत्रालय बंद केलं आणि त्याची कंपनी केली: चायना नॅशनल पेट्रोलियम. पाटी बदलली, माणसं तीच राहिली. उपमंत्री असलेले झोऊ कंपनीचे उपमहाव्यवस्थापक झाले आणि 1996 मध्ये महाव्यवस्थापक. देशातलं तेल पुरेनासं झालं होतं, म्हणून कंपनी सुदान, कझाकस्तान अशा ठिकाणी गेली. सुदानच्या प्रकल्पात तिचा वाटा 40 टक्के होता. पुढे 2003 मध्ये आपल्या ओएनजीसी विदेशने त्याच प्रकल्पातला 25 टक्के वाटा घेतला. व्यवसाय म्हणून पाहिलं तर झोऊ यांच्या काळात घातलेला हा पाया पक्का होता, हे मान्य करायला हवं. माणूस कर्तबगार होता.

त्यानंतरची चढण वेगाची. 1998 मध्ये भूमी व संसाधन मंत्री, 1999 मध्ये सिचुआन प्रांतात कम्युनिस्ट पक्षाचे सचिव, 2002 च्या अखेरीस सार्वजनिक सुरक्षा मंत्री, म्हणजे देशातल्या साऱ्या पोलिसांचे वरिष्ठ. आणि 2007 मध्ये पॉलिटब्युरोच्या स्थायी समितीत, देश चालवणाऱ्या नऊ जणांत. पोलीस, सरकारी वकील, न्यायालयं, सगळ्यांवर देखरेख करणारा पक्षाचा आयोग त्यांच्या हाती आला. 2012 मध्ये तर अंतर्गत सुरक्षेची जाहीर तरतूद संरक्षण खर्चालाही मागे टाकून गेली होती. परक्या सैन्यापेक्षा आपल्याच लोकांवर जास्त खर्च!

प्रत्येक मुक्कामी झोऊ यांच्याबरोबर त्यांची माणसंही असायची. कालचा स्वीय सचिव उद्या कुठल्या तरी प्रांताचा उपराज्यपाल. गुओ योंगशियांग हे तेल खात्यातून त्यांच्यामागोमाग सिचुआनला गेले आणि तिथे उपराज्यपाल झाले. तेलात मागे राहिलेल्यांत जियांग जिएमिन होते. ते कंपनीचे अध्यक्ष झाले, आणि मार्च 2013 मध्ये सरकारी कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या आयोगाचे प्रमुख. याच गोतावळ्याला चीनमध्ये ‘पेट्रोलियम टोळी’ म्हणतात.

झोऊ 2012 मध्ये निवृत्त झाले. स्थायी समितीत बसलेल्या माणसाला निवृत्तीनंतर हात लावायचा नाही, असा अलिखित करार होता. नवे सर्वोच्च नेते शी जिनपिंग यांनी तो मोडला. सप्टेंबर 2013 मध्ये जियांग यांची चौकशी जाहीर झाली, आणि जुलै 2014 मध्ये झोऊ यांची. खटला तिआनजिनच्या न्यायालयात बंद दाराआड चालला. 22 मे 2015 ला सुनावणी झाली, हे लोकांना कळलं ते 11 जूनला, निकालाबरोबर. दूरचित्रवाणीवर दिसले ते पांढऱ्याशुभ्र केसांचे झोऊ. तेव्हाचे चिनी नेते सत्तेत असेपर्यंत केस सहसा काळेभोर ठेवत, त्यामुळे अनेकांनी त्यांना क्षणभर ओळखलंही नसेल.

आता आकडे. लाच एकूण सुमारे 13 कोटी युआन. त्यातली जवळजवळ सगळी पत्नी आणि मुलगा यांनी घेतलेली. जियांग यांच्याकडून झोऊ यांच्या स्वतःच्या हाती आले ते 7 लाख 31 हजार युआन. पण झोऊ यांच्या एका शब्दावर जवळच्या मंडळींनी कमावले 213 कोटी, आणि सरकारचं नुकसान झालं 148 कोटींचं. पाकिटापेक्षा शब्दाची किंमत किती मोठी होती, ते या हिशेबात दिसतं. शिवाय एका भविष्यवेत्त्या बाबांना अतिगोपनीय कागदपत्रं दिल्याचाही आरोप सिद्ध झाला. देशाच्या सुरक्षेचा प्रमुख आणि बाबा! झोऊ यांनी गुन्हा कबूल केला, अपील केलं नाही.

हा न्याय होता की राजकीय हिशेब चुकता करणं? माझ्या मते दोन्ही. गुन्हे घडले होते, यात मला शंका वाटत नाही. पण ते इतकी वर्षं कुणाला दिसलेच नाहीत, हे पटत नाही. ते बाहेर आले, ते वरची मर्जी फिरल्यावर. आणि ज्या रचनेत एकच पक्ष कंपनी चालवतो, शहर चालवतो, तपास करतो आणि निकालही देतो, ती रचना या खटल्यात आरोपी नव्हतीच.

झोऊ यांना शिक्षा झाली, त्याच वर्षी त्यांच्या जुन्या कंपनीच्या अध्यक्षपदी वांग यीलिन आले. 2020 मध्ये ते पायउतार झाले. फेब्रुवारी 2024 मध्ये पक्षाच्या शिस्तपालन आयोगाने त्यांच्याही चौकशीची घोषणा केली.