घरच्या बागेंतील सांवली

श्रोतेहो, आज ज्या विषयावर आपणांशीं चार शब्द बोलावयाचे आहेत तो विषय दिसावयास लहान आहे. घराभोंवतीं थोडी मोकळी जागा असली तर तींत सांवली कशी आणावी, एवढाच तो प्रश्न. परंतु मी राहतों तें मलकापूर बुलढाणा जिल्ह्याच्या सखल भागांत, नळगंगेच्या कांठीं वसलेलें आहे. जिल्ह्याचें ठाणें घाटावर असल्यामुळें तेथें संध्याकाळीं गार वाऱ्याची झुळूक तरी लाभते; आम्हां घाटाखालच्या लोकांच्या वांट्यास तेंही सुख नाहीं. वैशाखांत पारा ४४ अंशांवर गेला तर येथें कोणास नवल वाटत नाहीं. काळी जमीन तडकते, तिला हात हात खोल भेगा पडतात, आणि दुपारीं अंगणांतील फरशीवर अनवाणी पाऊल ठेववत नाहीं. अशा गांवीं सांवली ही शोभेची वस्तु नसून पाण्याइतकीच गरजेची वस्तु आहे.

ही गोष्ट मला फार उशिरां आणि फार कष्टानें कळली, म्हणूनच ती आपणांस सांगावयास आलों आहें. मी जन्मभर शाळामास्तर. भूगोल शिकवितांना दरवर्षीं पटांगणांत एक काठी रोवून मुलांकडून तिची सांवली मोजवून घेत असें. उत्तरायण, दक्षिणायन, कर्कवृत्त हे शब्द मीं शेंकडों मुलांकडून घोकून घेतले. पण स्वतःच्या घरीं झाड लावण्याची वेळ आली तेव्हां ती काठी मी साफ विसरलों. अंगणाच्या दक्षिण बाजूस मोठ्या हौसेनें गुलमोहर लावला. झाड झपाट्यानें वाढलें, फुललें, येणारेजाणारे वाखाणूं लागले. चारपांच वर्षांनीं माझी पत्नी मला म्हणाली, "अहो, तुमचें झाड थंडींत सांवली देतें आणि उन्हाळा आला कीं रजेवर जातें."

मी हंसून तें बोलणें उडवून लावलें. पुढील मे महिन्यांत एके दिवशीं चारच्या सुमारास घराच्या पश्चिमेकडील धुण्याच्या दगडापाशीं ती भांडीं घांशीत होती. तेथें ना झाड, ना आडोसा. एकाएकीं पाय लटपटून ती तेथेंच खालीं बसली. अंग तापलेलें, आणि हांक मारली तर उत्तर नाहीं. दोन दिवस दवाखान्यांत काढावे लागले. देवाच्या कृपेनें ती बरी झाली. परंतु दवाखान्याच्या बांकावर बसल्या बसल्या माझ्या ध्यानांत आलें कीं, दोष उन्हाचा नव्हता. ऊन कोठून येतें हें मला ठाऊक होतें, आणि मीं झाड मात्र भलत्याच बाजूस लावलें होतें.

आतां ती काठी पुन्हां हातीं घेऊं. मलकापूर सुमारें २१ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळें २५ मेच्या सुमारास, म्हणजे रोहिणी नक्षत्र लागतें त्याच दिवसांत, सूर्य मध्यान्हीं बरोबर डोक्यावर येतो. घड्याळांत तेव्हां बारा वाजून सुमारें वीस मिनिटें झालेलीं असतात. त्या क्षणीं काठीची सांवली तिच्या पायाशींच नाहींशी होते. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यांत पुन्हां तसेंच घडतें. पण तेव्हां आभाळ बहुधा ढगांनीं झांकलेलें असतें. उलट २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारीं त्याच काठीची सांवली उत्तरेस पडते आणि जवळजवळ काठीइतकीच लांब असते. म्हणजे दक्षिणेकडील झाड आपल्या घरावर सांवली धरतें तें हिंवाळ्यांत, जेव्हां आपणांस ऊन हवेंसें वाटतें. उन्हाळ्यांत दुपारीं त्याची सांवली त्याच्याच बुंध्याशीं राहते. माझ्या पत्नीनें भूगोलाचें पुस्तक न उघडतां तें अचूक ओळखलें होतें.

खरा शत्रु आहे तो तिसऱ्या प्रहराचा, पश्चिमेकडील सूर्य. मेअखेर साडेतीनच्या सुमारास दहा फूट उंचीच्या झाडाची सांवली पूर्वेकडे सुमारें दहा फूट पडते. पांच वाजतां ती वीस फुटांहून थोडी अधिक होते. शिवाय त्या दिवसांत सूर्य मावळतो तो नेमका पश्चिमेस नव्हे, तर वीस-बावीस अंश उत्तरेकडे सरकून. यावरून नियम निघतो तो असा: झाड लावावयाचें तें पश्चिमेस आणि वायव्येस, पूर्व बाजू मोकळी ठेवावयाची. सकाळचें कोंवळें ऊन भाजीपाल्यास हवें असतें, तुळशीस हवें असतें, आणि म्हाताऱ्या माणसांसही हवें असतें.

दुसरा विचार झाडाच्या जातीचा. ज्या महिन्यांत आपणांस पानें हवींत त्याच महिन्यांत झाड निष्पर्ण झालें तर त्याचा काय उपयोग? सागवान उन्हाळ्यांत आपलीं मोठमोठीं पानें टाकून उभा राहतो. पळस फुलतो तो पानें झडल्यावर. गुलमोहर मूळचा मादागास्कर बेटांतला. त्याचीं फुलें डोळ्यांस सुख देतात, परंतु एप्रिल-मेमध्यें त्याच्या फांद्यांवर पानें विरळ असतात, आणि वादळांत त्या फांद्या कडाकडा मोडतात. याउलट कडुनिंब आणि करंज हे शहाणे वृक्ष आहेत. शिशिरांत जुनीं पानें गाळून चैत्रांत ते नव्या पालवीनें भरून जातात आणि ऐन उन्हाच्या वेळीं दाट छत्री धरतात. मात्र आपली काळी जमीन पावसांत फुगते आणि उन्हांत आकसते. मोठ्या झाडाचीं मुळें तिच्यांतील ओल शोषून घेतात, आणि मग भिंतीस तडे जाण्याचें भय असतें. म्हणून करंज किंवा निंब भिंतीपासून पंधरावीस फूट तरी दूर असावा. वड, पिंपळ आणि उंबर यांस घरालगत थारा देऊं नये. त्यांची जागा गांवच्या मोकळ्या मैदानांत.

आपण म्हणाल, करंज वाढेपर्यंत आम्हीं काय करावें? तर ऐका. मीं त्या वर्षीं तीन कामें तीन निरनिराळ्या मुदतींवर केलीं.

पहिलें काम त्याच आठवड्यांत केलें. धुण्याच्या दगडाच्या पश्चिमेस चार बांबू रोवले आणि तुरीच्या तुराट्यांचा तट्टा बांधला. आमच्या वऱ्हाडांत पऱ्हाटीही विपुल मिळते. परंतु कपाशीच्या वाळल्या झाडांत गुलाबी बोंडअळी आसरा घेते, तेव्हां ती घराशीं रचून न ठेवणें बरें. हल्लीं बाजारांत हिरवी जाळी मिळते. भाजीच्या वाफ्यास साधारण निम्में ऊन अडविणारी जाळी पुरे. त्याहून दाट घेतली तर रोपें उंच आणि फिकट होतात. ती रोपांवर न पसरतां डोक्याहून उंच ताणावी, म्हणजे खालून वारा खेळतो. अशा जाळीखालीं उन्हाळ्यांतही कोथिंबीर, पालक आणि पुदिना टिकतो. मोगऱ्यास मात्र तिच्याखालीं आणूं नये. त्याला ऊन लागतें, तरच तो फुलतो.

येथें एक सूचना करावीशी वाटते. पुष्कळ लोक सांवली म्हणून लोखंडी पत्रे घालतात. पत्रा ऊन अडवितो हें खरें. पण तो स्वतः तापतो आणि ती उष्णता खालीं आपल्याच डोक्यावर ओततो. पान मात्र मुळांनीं ओढलेलें पाणी वाफेच्या रूपानें हवेंत सोडतें, त्यामुळें तें फारसें तापत नाहीं. पत्र्याखालीं आणि निंबाखालीं एकच खाट टाकून पाहावी, म्हणजे अधिक सांगावें लागणार नाहीं. पत्रा घातलेलाच असेल तर त्यावर वेल चढवावा, किंवा तुराट्या अंथराव्या.

दुसरें काम मीं पुढच्या फेब्रुवारींत केलें. त्याच बांबूंवर मांडव घातला आणि त्याच्या बुडाशीं गिलकें, दोडका व दुधी यांचें बीं टोंचलें. एप्रिल उजाडला तेव्हां मांडव हिरवा झाला होता. भाजी मिळाली ती वेगळीच. ज्यांस कायमचा वेल हवा त्यांनीं मधुमालती किंवा जाई लावावी. एकदां रुजल्यावर तीं वर्षानुवर्षें मांडव सोडीत नाहींत.

ही विद्या आमच्याकडील पानमळेवाल्यांस फार पूर्वीपासून अवगत आहे. अमरावती जिल्ह्यांत अंजनगांव सुर्जीच्या बाजूस ज्यांनीं पानमळा पाहिला असेल त्यांस माझें म्हणणें चटकन पटेल. नागवेल ही थंड, ओलसर जागेची सोयरी. तिला वऱ्हाडचें ऊन एक दिवसही सोसणार नाहीं. म्हणून पानमळ्यांत शेवरी, हादगा, पांगारा आणि शेवगा यांसारखीं लौकर वाढणारीं झाडें ओळींनीं लावतात. वेल त्यांच्याच अंगावर चढतो आणि त्यांच्याच सांवलींत राहतो. भोंवतीं तट्ट्या बांधून तप्त वारा अडवितात. पावसाळ्यांत फांद्या छाटून थोडें ऊन आंत घेतात. बाहेर शेत भाजत असतां आंत पाऊल टाकलें कीं अंगावर गारवा येतो. त्यांतून आपणां घरगुती माळ्यांस इतकें शिकतां येतें कीं, डोक्यावरची सांवली पुरत नाहीं. बाजूची झळ अडवावी लागते, आणि जमिनींत ओलही राखावी लागते. यासाठीं गळालेलीं पानें जाळूं नयेत. तीं वाफ्यांत चार बोटें जाड पसरावीं. ती मातीचीच सांवली होय. शेवग्याच्या किंवा हादग्याच्या दोनतीन फांद्या लहान अंगणासही पेलतात, आणि शेंगा व फुलें स्वयंपाकघरास मिळतात.

तिसरें काम मृगाच्या पावसानंतर केलें. पश्चिमेस भिंतीपासून अठरा फुटांवर तीन फूट लांब, रुंद व खोल असा खड्डा घेऊन, त्यांत माती व शेणखत भरून करंजाचें रोप लावलें. पहिले दोन उन्हाळे त्याच्या मुळाशीं बुडास बारीक छिद्र पाडलेलें मडकें पुरून ठेविलें होतें. तें रोज एकदां भरलें कीं थेंब थेंब पाणी झिरपत राही. भाज्या धुतलेलें पाणीही मीं त्यालाच घालीत असें. साबणाचें पाणी मात्र दिलें नाहीं.

आज त्या करंजास बारा वर्षें झालीं. गुलमोहरही उभाच आहे. कित्येकांनीं तो पाडण्याचा सल्ला दिला. परंतु नगरपालिकेच्या हद्दींत परवानगीवांचून झाड तोडण्यास १९७५ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानें मनाई आहे. आणि कायदा नसता तरी तो पाडण्यास माझा हात धजला नसता. चूक त्याची नव्हती. हिंवाळ्यांत त्याच्या सांवलींतून आम्ही दोघें खुर्च्या उचलून उन्हांत सरकतों, तेव्हां माझी पत्नी कांहीं बोलत नाहीं, नुसती माझ्याकडे पाहते. मीही गप्प बसतों.

उन्हाळ्यांत तिसऱ्या प्रहरीं मात्र ती त्याच पश्चिमेच्या बाजूस, करंजाखालीं धान्य निवडीत बसलेली असते. शेजारच्या मुली अभ्यासाचीं पुस्तकें घेऊन तेथें येतात, आणि ऊन उतरेपर्यंत हलत नाहींत.

तेव्हां श्रोतेहो, रोपवाटिकेंत जाण्यापूर्वीं आपल्या अंगणांत एक काठी उभी करा. साडेतीन वाजतां एकदां आणि पांच वाजतां एकदां तिची सांवली कोठें पडते तें खडूनें आंखून ठेवा. नंतर घरांत त्या वेळीं उन्हांत कोण काम करतें, हें पाहा. झाड कोठें लावावयाचें तें आपणांस कोणास विचारावें लागणार नाहीं.