तिची चालू गोळी आधी

(आपत्तीत गावोगाव जाणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर इंदापूर तालुक्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



२५ मे २०२५ चा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. नीरा डावा कालवा फुटला, बारामती-इंदापुरात घरांत पाणी शिरलं, एनडीआरएफची पथकं आली. अशा वेळी आपण धान्य मोजतो, चादरी मोजतो. पेटीत भिजून गेलेली फिटची किंवा मनाच्या आजाराची गोळी कुणाच्या यादीत येत नाही. ती बाई स्वतःहून सांगणारही नाही. मानसिक आजार घटस्फोटाचं कारण होऊ शकतो, हे तिला ठाऊक असतं. गोळ्या सासरी डाळीच्या डब्यात लपवलेल्या असतात. शाळेतल्या निवाऱ्यात सगळ्यांदेखत "कुणाला गोळ्या चालू आहेत का?" असं विचारलंत तर एकही हात वर येणार नाही. एकेकीशी बाजूला बोला. आणि ती यादी पथकापाशीच राहू द्या, सरपंचाकडेही नको.

फिटची गोळी एकदम तुटली तर झटक्यावर झटके येऊ शकतात. म्हणून पेटी भरताना आधी चालू औषधांचा साठा. लिथियम घेणारीला पुरानंतर जुलाब लागले, तर अंगातलं पाणी कमी होऊन तेच औषध विषासारखं चढतं. हात थरथरतात, तोल जातो. तिला लगेच डॉक्टरांकडे न्या. व्हॅल्प्रोएटने पोटातल्या बाळाला धोका असतो. पेटीत तेवढंच आहे म्हणून ते तरुण बाईला सुरू करू नये. आधीपासून चालू असेल तर आपल्या मनाने बंदही करू नये.

माझं खरं भांडण झोपेच्या गोळीशी आहे. जिचं घर गेलं ती रडते, रात्र रात्र जागते. हा आजार नव्हे. नुकत्याच बसलेल्या धक्क्यावर डायझेपामसारख्या गोळ्या देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पण बाई गप्प झाली की बाकीच्यांना बरं वाटतं ना! ती गोळी कुलपात ठेवा. कुणी, कुणाला, किती दिली ते वहीत लिहा.

पथक चार दिवसांनी परत जाईल. पुढची गोळी सरकारी दवाखान्यातूनच यायची आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे आवश्यक यादीतली ही औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वर सगळीकडे मोफत मिळायला हवीत. पावसाळ्याआधीच जाऊन मागा. नसतील तर तसं लेखी घ्या. रात्री अडलं तर टेलिमानसचा १४४१६ नंबर आहे. आणि प्रत्येकीला सांगा, गोळ्यांचं रिकामं पाकीट फेकू नकोस, प्लास्टिकच्या पिशवीत ठेव. चिठ्ठी पाण्यात गेली, तरी त्यावरचं नाव आणि मिलिग्रॅम वाचून डॉक्टरांना औषध ओळखता येतं.