मिठाचा खडा

दुधात मिठाचा खडा पडला की सारे दूध नासते, असे आपण म्हणतो. घागरभर दुधाच्या मानाने खडा तो केवढा! पण नासताना दूध हा हिशेब पाहत नाही. गाण्याचेही काही वेळा असेच होते. चाल सुरेख, गळा सुरेल, शब्द अर्थपूर्ण; आणि मध्येच एखादी जागा अशी येते की दाताखाली खडा यावा तसे होते. पुढचा घास आपण चाचपडतच घेतो.

एका दोषाने एवढे बिघडावे काय, हा वाद आपल्याकडे जुना आहे. हिमालयाचे वर्णन करताना कालिदासाने सांगितले, की चंद्रकिरणांत डाग बुडून जावा त्याप्रमाणे गुणांच्या राशीत एखादा दोष लोपून जातो. त्यावर पुढे एका सुभाषितकाराने त्याला चिमटा काढला, की दारिद्र्य हा एकटाच दोष सगळ्या गुणांचा नाश करतो, हे या कवीला दिसलेच नाही! दोघांचेही आपापल्या परीने खरेच आहे. परंतु गाण्याच्या बाबतीत एक अधिक अडचण आहे. चंद्रावरचा डाग आपण पाहिला न पाहिलासा करू शकतो. डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. शिवाय गाणे काळातून पुढे जाते. त्यातील खटकणारी जागा आपल्या वेळेला येणारच, आणि ती येणार हे ठाऊक असले तर तिच्या आधीच्या चार गोड जागाही धास्तीत जातात.

हा प्रश्न जवळून न्याहाळायचा असेल तर चेन्नईसारखे गाव नाही. 1927 साली मद्रासला काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याच्या जोडीने संगीत परिषद झाली, आणि त्यातून 1928 साली मद्रासची म्युझिक अकॅडमी उभी राहिली. तेव्हापासून डिसेंबरातील संगीतोत्सव वाढत वाढत गेला. आज मार्गळी महिन्यात त्या शहरातील अनेक सभांतून सकाळपासून रात्रीपर्यंत गाणे चालते. तेथील श्रोता जाणता आहे. कल्की कृष्णमूर्ती किंवा सुब्बुडू यांच्यासारख्या टीकाकारांचे कान आणि लेखणी त्याने अनुभवली आहे. त्यामुळे गाण्यात काय खटकले, याची चर्चा तेथे कॉफीच्या घोटाबरोबर रंगते.

या मैफलीत आपल्या मराठीलाही एक जागा आहे. मुख्य कृती आटोपली, की शेवटी काही लहान, हलक्या रचना गायल्या जातात. त्यांना तेथे ‘तुक्कडा’ म्हणतात. आपल्या ‘तुकड्या’चाच हा भाऊबंद. त्यांत पदे, जावळ्या, तिल्लाने यांच्या पंगतीला अभंगही बसतो. याची मुळे दूरची आहेत. तंजावरला सुमारे पावणेदोनशे वर्षे, 1855 पर्यंत, भोसल्यांचे राज्य होते. त्या मुलखात मराठी कीर्तन रुजले. तमिळ हरिकथेने साकी, दिंडी, ओवी, अभंग हे प्रकार आपलेसे केले, आणि भजनसंप्रदायातून विठ्ठलाचे नाव घरोघरी गेले. आज अभंग सुरू झाला, की चेन्नईतील श्रोते आपण होऊन टाळ्यांचा ठेका धरतात.

मराठी माणसाचे मन तेव्हा भरून येते. आणि नेमका तेथेच खडा लागतो! ‘भाव’ या शब्दाचा ‘पाव’ होतो, ‘भक्ती’ची ‘पक्ती’ होते, ‘माझा’ शब्दातील झ जिभेवर भलतीकडेच टेकतो. नारायणराव पेशव्यांच्या वधाच्या आख्यायिकेपासून एका अक्षराने काय अनर्थ होतो हे आपल्याला ठाऊक आहे. ‘ध’चा ‘मा’ आपण विसरलेलो नाही. मग आपण नाक मुरडतो आणि म्हणतो, अभंग गायचा तर भाषा तरी शिकावी!

परंतु हा दोष येतो कोठून, हे पाहिले म्हणजे राग थोडा निवळतो. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चारही वर्णांना एकच अक्षर आहे. तीच गोष्ट त आणि प या वर्गांची. म्हणूनच तेथील संगीताच्या पुस्तकांतून अक्षराच्या डोक्यावर किंवा पायाशी दोन, तीन, चार असे आकडे छापून वर्ण ओळखू येईल अशी सोय करतात. आकड्यांकडे दुर्लक्ष झाले, की ‘भ’चा ‘प’ व्हायला वेळ लागत नाही. च आणि ज यांचे तर विचारूच नका. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील च आपण वेगळे उच्चारतो, पण लिहितो सारखेच. ‘जरा’ म्हणजे थोडे आणि ‘जरा’ म्हणजे वार्धक्य, यांतील भेद आपली देवनागरी सांगत नाही. जे आपण लिहूनच ठेवलेले नाही, ते परक्याने वाचावे तरी कसे? हा खडा निम्मा आपल्याच घरचा आहे.

शिवाय न्यायाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ‘तुळशी’, ‘डोळा’, ‘कळस’ यांतील ळ उत्तरेकडील उत्तमोत्तम गवयांच्या तोंडी अनेकदा ल होऊन येतो. तमिळ गायकाच्या तोंडी तो ठणठणीत ळ असतो, कारण तो त्याच्या मातृभाषेतच आहे. एक खडा दाखवताना ताटातील हा मोती आपण मोजत नाही.

पण दोष क्षम्य ठरला म्हणून तो नाहीसा होत नाही; आणि तो कोठे पडला आहे, यालाही महत्त्व आहे. कर्नाटक संगीतातील कृतीत पल्लवी, अनुपल्लवी आणि चरण असे भाग असतात. चरणातील चुकलेला शब्द एकदा येतो आणि जातो. पल्लवी मात्र प्रत्येक भागानंतर परत येते. शिवाय तिच्यावर संगतींचे थर चढतात. तेथे शब्द चुकीच्या जागी तोडला तर तोच खडा दहा वेळा दाताखाली येतो. निरवल करताना हे विशेष जाणवते. एकच ओळ घेऊन गायक ती नाना परींनी फुलवतो. त्या ओळीचा पदच्छेदच बिघडला, तर तालाच्या हिशेबात अर्थाचा बळी पडतो. आमच्या अभंगातही ध्रुवपदाची जबाबदारी अशीच मोठी आहे.

आता दुसऱ्या प्रकारचा खडा घ्या. मुख्य कृतीच्या अखेरीस मृदंगम्, घटम्, कंजिरा यांचे ‘तनि आवर्तनम्’ होते. गायक थांबतो, वादक तालाचे डोंगर रचतात. याच सुमारास श्रोत्यांपैकी कित्येकजण उठून उपाहारगृहाकडे चालू लागतात! त्यांच्या लेखी गाणे थांबले. पण लयीचा जाणकार सारी संध्याकाळ याच क्षणाची वाट पाहत असतो. येथे खडा गाण्यात नाही. तो उठून जाणाऱ्याच्या कानात आहे. मोहरा आणि कोरवै पुरे होऊन गायक समेचे बोट पकडून आपली ओळ परत उचलतो, तो आनंद त्याला मिळतच नाही. तिसरा खडा यंत्राचा. ध्वनिवर्धकामुळे दूरच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचला हे खरे; पण त्याबरोबर नाजूक गमक कर्कश झाले. मृदंगसम्राट पालघाट मणी अय्यर यांनी ध्वनिवर्धक नको असा आग्रह धरला होता, तो लहर म्हणून नव्हे.

मात्र खडा काढण्याच्या उत्साहात काय होते, याचे उदाहरण खुद्द नभोवाणीच्याच इतिहासात आहे. पेटीचे स्वर ठरीव, तिच्यातून मींड निघत नाही, म्हणून ती आपल्या गाण्याला बिघडवते, असे ठरवून 1940 च्या मार्चमध्ये ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली. आक्षेपात तथ्य होते. व्हायोलिनही परदेशीच, पण बालुस्वामी दीक्षितरांनी मद्रासच्या परिसरात ते शिकून घेतले आणि कर्नाटक संगीताने ते पोटाशी धरले, कारण त्या तारेवर गमक वळते. पेटीवर ते वळत नाही. तरीही ज्या मराठी रंगभूमीवर गोविंदराव टेंब्यांच्या पेटीने नाट्यपदांना साथ दिली, तिला ही बंदी पटणे कठीण होते. पुढे 1970 च्या दशकात ती सैल झाली. दोष ओळखणे निराळे आणि दोषासकट माणसाला, वाद्याला, परंपरेला बाहेर काढणे निराळे.

आनंदवर्धनाने रसभंगाचे कारण एकच सांगितले : अनौचित्य. मला वाटते, या कसोटीवर खड्यांची निवड करता येते. जो दोष अर्थाला मारतो, तो दाखवलाच पाहिजे, आणि शक्य तर दुरुस्तही करून दिला पाहिजे. एम. एस. सुब्बुलक्ष्मींसारख्या गायिकेने परभाषेतील उच्चारांसाठी किती कष्ट घेतले, हे प्रसिद्धच आहे. गायक शिकायला तयार असतो. शिकवायला कोणी पुढे येत नाही. चेन्नईत पिढ्यान्‌पिढ्या नांदणारी मराठी कुटुंबे आहेत. मैफल संपल्यावर एखाद्याने गायकाला भेटून चार शब्दांचा उच्चार प्रेमाने सांगितला, तर घरी जाऊन केलेल्या चेष्टेपेक्षा तो अभंगाच्या अधिक उपयोगी पडेल. जो दोष केवळ आपल्या सवयीला टोचतो, त्याच्यासाठी मात्र गायकाला नव्हे, आपल्या कानाला थोडे शिकवावे.

भातात खडा लागला म्हणून शहाणी माणसे पान भिरकावीत नाहीत. ती खडा बाजूला काढतात, वाढणाऱ्याला हलकेच सांगतात, आणि जेवण पुरे करतात.