बटण कोणी दाबलं?

बँकेच्या सुरक्षिततेवर व्याख्यान म्हटलं की श्रोत्यांना पुढचं सगळं आधीच ठाऊक असतं: ओटीपी सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, पासवर्ड बदलत राहा. मंडळी, हा पाढा आज म्हणायचा नाही. मध्यंतरी कुणालाही फोन लावला की घंटी वाजण्याआधी तोच ऐकू यायचा. आज मांडायची आहे ती खातेदाराची बाजू. त्याचं म्हणणं एवढंच की सावधगिरीचे सगळे धडे त्यालाच का? खिडकीवरचा कारभार ज्यांनी फोनमध्ये आणून ठेवला, त्यांची परीक्षा कोण घेणार?

सुरुवात पुण्यापासून करू. 11 ऑगस्ट 2018, शनिवार. काही तासांत 28 देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी इथल्या कॉसमॉस बँकेचे सुमारे 78 कोटी रुपये निघाले. भारतातल्या यंत्रांतून आणखी अडीच कोटी गेले. सोमवारी बँकांच्या आंतरराष्ट्रीय ‘स्विफ्ट’ यंत्रणेमार्गे हाँगकाँगमधल्या एका खात्यात जवळजवळ 14 कोटी पोचले. एकूण 94 कोटींहून अधिक! एटीएममध्ये कार्ड सरकवलं की ‘याला पैसे द्यायचे का?’ हा प्रश्न बँकेच्या स्विचकडे जातो. चोरांनी मालवेअर घुसवून मध्येच एक खोटा स्विच उभा केला, आणि तो विचारील त्याला ‘हो, द्या’ म्हणत गेला. खऱ्या प्रणालीपर्यंत प्रश्न पोचलेच नाहीत, म्हणून खातेदारांच्या शिलकीला धक्का लागला नाही. फटका बसला तो बँकेला. ओटीपी कुणाला सांगितला की नाही, याचा इथे संबंधच नव्हता.

पुढच्या वर्षी पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक. 23 सप्टेंबर 2019 ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि सहा महिन्यांत एका खात्यातून फक्त 1,000 रुपये काढायची मुभा ठेवली. ही मर्यादा नंतर टप्प्याटप्प्याने वाढली, पण पहिल्या दिवशी शाखांसमोर उभ्या असलेल्या लोकांचा पिन बरोबर होता, पासबुक बरोबर होतं, शिल्लकही बरोबर होती. ठेवींवरचं विमा संरक्षण तेव्हा 1 लाखाचं होतं, आणि तेही 1993 पासून तसंच. ते 5 लाख झालं फेब्रुवारी 2020 मध्ये. एवढा गाजावाजा झाल्यावर!

आता जिची सगळ्यांना धास्ती असते, त्या चोरीकडे येऊ. रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं एक परिपत्रक आहे. ते प्रत्येक शाखेत मोठ्या अक्षरांत लावायला हवं होतं. सहसा दिसते ती व्याजदरांची पाटी. परिपत्रकानुसार, चूक बँकेचीही नाही आणि खातेदाराचीही नाही अशा व्यवहारात, बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तक्रार केली तर खातेदाराचं नुकसान शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत त्याच्यावर येणाऱ्या बोज्याला मर्यादा आहे. साध्या बचत खात्याला ती 10,000 रुपयांची. तक्रारीनंतर दहा कामकाजी दिवसांत रक्कम तात्पुरती का होईना, खात्यात जमा करायची. आणि सर्वांत मोलाचं म्हणजे चूक खातेदाराची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. शाखेत मात्र पुष्कळदा उलटंच ऐकायला मिळतं: ‘ओटीपीशिवाय पैसे जातच नाहीत, म्हणजे तुम्हीच दिला असणार.’

गुप्त माहिती खातेदारानेच दिली, तर तक्रार नोंदवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. सारा खटला ‘बटण कोणी दाबलं’ यावर येऊन थांबतो. ते का दाबलं गेलं, हा पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही.

उदाहरण घ्या. जुना सोफा विकायला काढलेल्या माणसाला फोन येतो: ‘पैसे पाठवलेत, पिन टाकून घ्या.’ पडद्यावर विनंती येते, माणूस पिन टाकतो आणि पैसे जातात. यूपीआय 2016 मध्ये आलं. समोरच्याकडून पैसे मागवण्याची ही ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ची सोय चोरांना फार सोयीची ठरली. ‘पैसे घ्यायला पिन लागत नाही’ ही जाहिरात वर्षानुवर्षं चालली. शेवटी 1 ऑक्टोबर 2025 पासून व्यक्तीव्यक्तींमधली ही सोयच बंद झाली. जे आधी करता आलं असतं ते करायला नऊ वर्षं लागली.

एनईएफटीची गोष्ट तर याहून मजेदार. अर्जावर लाभार्थीचं नाव लिहायचं, पण पैसे जमा व्हायचे निव्वळ खाते क्रमांकावर; नाव जुळतं का, हे कुणी पाहत नसे. पाठवण्याआधी नाव दाखवण्याची सोय 1 एप्रिल 2025 पर्यंत द्या, असं रिझर्व्ह बँकेला बँकांना सांगावं लागलं. यूपीआयवर ते नाव कधीपासूनच दिसत होतं.

शिवाय चोरलेला पैसा हवेत विरत नाही; आधी तो कुठल्यातरी बँकेतल्या कुणाच्यातरी खात्यात उतरतो. पेन्शनरांना केवायसीसाठी आधार, पॅन, फोटो घेऊन पुन्हापुन्हा बोलावणाऱ्या बँकांत चोरांना भाड्याने दिलेली ही खाती उघडतात तरी कशी? 2017 चं परिपत्रक बोलतं ते पैसे गेलेल्या खातेदाराच्या बँकेबद्दल. ज्या बँकेत ते उतरले, तिच्यावर त्यात नुकसानीचा काही भार नाही.

ब्रिटनने हा भार वाटला आहे. 7 ऑक्टोबर 2024 पासून तिथे फसवणुकीला भुलून देशातल्या देशात स्वतःच पैसे पाठवलेल्या ग्राहकालाही भरपाई मिळते, कमाल 85,000 पौंडांपर्यंत. निम्मी रक्कम पाठवणाऱ्या बँकेने द्यायची, निम्मी स्वीकारणाऱ्या बँकेने. घोर निष्काळजीपणा झाला असेल तर भरपाई नाकारता येते, पण तो सिद्ध करायचा बँकेने. यामुळे लोक बेफिकीर होतील, असा आक्षेप तिथेही घेतला गेला. पण निम्मी रक्कम स्वतःच्या खिशातून जाते म्हटल्यावर स्वीकारणारी बँक नवं खातं उघडताना कागद नीट तपासेल, कालपर्यंत रिकाम्या असलेल्या खात्यात आज अचानक लाखो रुपये आले तर ते थोपवून धरील. आपल्याकडे आयुष्यभराची पुंजी घालवलेला खातेदार 1930 या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन लावतो, तेव्हा तो हेच मागत असतो: पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत कुणीतरी ते अडवावेत.